पहिलं फोल्डर श्री

रविकांतसरांनी बावीस वर्षांत एक वाक्य किती वेळा ऐकलं असेल, ते देवालाच ठाऊक. “सर, माझी फाईल हरवली.”

अहो, फाईल कधी हरवत असते का? म्हैस हरवते, चप्पल हरवते, तामसीच्या बसमध्ये छत्री हरवते. फाईल जिथं ठेवली तिथंच मुकाट पडून असते, ठेवणाऱ्यालाच आठवत नाही. पण हे नवशिक्याला सांगून बघा. तो तुमच्याकडं अशा नजरेनं पाहतो की तुम्हीच ती खिशात घातली. मग सर गुडघ्यावर हात ठेवून उठायचे, एक सुस्कारा टाकायचे आणि त्या मशीनपाशी जायचे. फाईल सापडायची. सर परत येऊन खुर्चीला पाठ टेकवतात न टेकवतात, तर पलीकडच्या मशीनवरून पुन्हा तेच.

आदिलाबादेत कापसाच्या मार्केट यार्डाकडं जाणाऱ्या रस्त्यावर लक्ष्मणरावांचं सरकी-ढेपीचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान आहे. त्याच्या माडीवरच्या दोन खोल्यांत सरांचा क्लास. जिना अरुंद, पायऱ्या उंच, आणि सरांचं वय त्रेपन्न. खालून ढेपीचा वास यायचा, रस्त्यावर कापसाच्या गाड्या हॉर्न देत उभ्या राहायच्या, आणि वर पोरांसाठी दहा जुनी मशीनं आणि फिरण्यापेक्षा कुरकुरणारा एक पंखा. त्या कुरकुरीवर आवाज चढवून बोलता बोलता सरांचा घसा कायमचा बसला होता. सकाळी पहिला तास होईपर्यंत आवाज बरा असायचा, दुपारनंतर नुसती खरखर.

आधी त्यांनी इथं टायपिंग शिकवलं. मग जे जे सरकारी जाहिरातीत निघेल ते ते शिकवलं. गेली सहा वर्षं मात्र ते काळा पडदा शिकवत होते. काळा पडदा म्हणजे काय, तर माऊस बाजूला सारायचा, काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची आणि मशीनला हुकूम द्यायचा. फोल्डर बनव. आत जा. बाहेर ये. ही फाईल तिकडं हलव. मी आत्ता कुठं आहे, हे विचारायचा जो हुकूम आहे त्याला म्हणतात पीडब्ल्यूडी. पहिल्या दिवशी हे सांगितलं की वर्गात खसखस पिकायची, कारण आमच्याकडं पीडब्ल्यूडी म्हणजे रस्त्यातले खड्डे न बुजवणारं खातं. हसून झालं की सर म्हणायचे, “हसा. पण हरवलं की यालेच इचारायचं, मले नाही.” आणि पोरं हरवली की सरांनाच विचारायची.

हे सगळं कशासाठी, तर हैदराबादच्या एका संस्थेसाठी. जुन्या कचेऱ्यांमधले लाल कापडात बांधलेले बस्ते, त्यांतल्या निजामाच्या अमलापासूनच्या मिसली, म्हणजे जुन्या प्रकरणांच्या फाईली, हे सगळं स्कॅन करून मशीनमध्ये नीट लावायचं काम त्या संस्थेनं घेतलं होतं. लाखो कागद. माऊसनं एकेक ओढत बसलं तर नातू रिटायर होईल, म्हणून काळा पडदा येणारी माणसं हवीत. क्लासचं भाडं आणि सरांचा पगार आता संस्थाच द्यायची. ती दहा जणांची बॅच सरांकडं पाठवायची, तीन महिने शिकवून झाले की परीक्षा, आणि पास होणाऱ्याला तिथंच, आदिलाबादेतच, पक्कं काम. नापास झालेल्याला वर्षभर पुन्हा बसता येत नसे. वर्षभरानं काम कुठं उरणार होतं? या खेपेची बॅच शेवटची, असं संस्थेनं कळवलंच होतं. यापुढं क्लासमध्ये त्यांचे दुसरे कोर्स चालणार होते.

या बॅचमध्ये तामसीची रुपा होती. एकोणतीस वर्षांची, घरचा भाजीपाल्याचा मळा, शिक्षण बारावी, पदरात एक पोरगी. पहाटे वांगी तोडून, टोपल्या भरून, मग सकाळच्या बसनं ती क्लासला यायची. नखांत माती असायची आणि बोटं कीबोर्डवर पडली की कुणाच्या बापाला ऐकायची नाहीत. सासूबाई, प्रयागबाई, तशा वाईट नव्हत्या, पण पक्क्या होत्या. त्यांनी सांगून टाकलं होतं, “तीन महिने देल्ले. चौथा मांगू नको.” रुपानं ही गोष्ट सरांना एकदाच सांगितली होती, तीही रडतबिडत नाही, पाणी पिता पिता. सरांना मात्र ती रोज आठवायची. सोमवारी परीक्षा, आणि सोमवारीच ते तीन महिने संपत होते.

आता सर शिकवायचे कसे, ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

सहा वर्षांपूर्वी हा विषय आला तेव्हा सरांनी इंटरनेटवरून सरावाचं एक फोल्डर उतरवून घेतलं होतं. त्यात कुठल्या कुठल्या परदेशी नावांच्या फाईली होत्या. पोरांना नावंच कळेनात, तर कोण कुठं आहे हे काय कळणार? पहिली बॅच अक्षरशः रानात सोडल्यासारखी भटकली. सरांनी मग महिनाभर डोळे फोडून स्वतःचं फोल्डर बनवलं. सगळ्यात बाहेर जिल्हा. जिल्ह्यात तामसी, वांकिडी अशी मंडलं, म्हणजे आमच्याकडचे तालुके. मंडलात गावं, गावात शेतं, शेतात कापूस, ज्वारी, वांगी अशा फाईली. “तू वांगीच्या फाईलीत हाय, तर मंडलात जायाले किती पायऱ्या वर यायचं?” असं विचारलं की वांकिडीचं पोरगंही बोटं मोजून सांगायचं. नावात मोकळी जागा सोडायची नाही. ‘नवीन’, ‘नवीन-एक’, ‘शेवटचं’, ‘खरंच शेवटचं’ असली नावं द्यायची नाहीत, दिली तर सर सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. एक धडा, एक फोल्डर, त्यावर आकडा. आणि या सगळ्याची एक मूळ प्रत सरांच्या मशीनवर, जिला कुणी हात लावायचा नाही. पोरांनी वाट्टेल तो सत्यानाश केला तरी दोन मिनिटांत नवं कोरं फोल्डर हजर.

आणि सगळ्याच्या आधी श्री.

पोरं काळ्या पडद्याला घाबरायची हो. बोट उचलून तसंच हवेत धरून बसायची, दाबलं तर काही फुटेल म्हणून. पहिल्या वर्षी सरांनी एका पोराला वैतागून विचारलं होतं, “नवी वही घेतली की पह्यले काय लिहतं?” पोरगं म्हणालं, “श्री.” आमच्याकडं वही असो, लग्नाची यादी असो, वाण्याकडच्या सामानाची चिठ्ठी असो, कागदाच्या डोक्यावर श्री पडल्याशिवाय हात पुढं जात नाही. “मंग इथंबी श्री काढ,” सर म्हणाले. पोरानं इंग्रजी अक्षरांत श्री नावाचं फोल्डर बनवलं. मशीन फुटलं नाही. पोराच्या तोंडावर हसू आलं. तेव्हापासून पहिला हुकूम हाच. बसलं की श्री बनवायचं, श्रीच्या आत जायचं, आणि दिवसभराचं सगळं काम आतच करायचं. त्यामागं अक्कलही होती. सगळं एका ठिकाणी राहायचं, मशीन स्वच्छ, घरी जाताना तेवढं एक फोल्डर उचललं की झालं. सहा वर्षांत या एका सवयीनं सरांचे किती सुस्कारे वाचवले असतील!

या बॅचची दहाही पोरं मराठी घरची. नऊ जणांची बोटं तीन महिन्यांत श्रीला अशी सरावली होती की बसल्या बसल्या, कुणी काही सांगायच्या आत, श्री तयार. दहावा भूषण. त्याला कसलीच शिस्त नव्हती. मशीन उघडलं की जिथं असेल तिथं तो फाईली फेकायचा. सर रोज ओरडायचे, “भूषण, श्री कुठं हाय तुहं?” भूषण मान खाली घालायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी, सर घरी आरामखुर्चीत पडले होते. कौशल्याबाई, त्यांची बायको, मिठाच्या गुळण्यांचं पाणी घेऊन आल्या.

“आता बस करा म्हन्ते मी. आवाज पाहा कसा झाला. बाजूचे इचारते, मास्तरले दमा हाय काय म्हनून.”

“होऊ दे एवढी बॅच,” सर म्हणाले. तेवढं बोलायलाही त्यांना नको वाटत होतं. बॅच लागते, बॅच जाते, ज्याला तुम्ही बोट धरून फिरवलं तो पुढं निघून जातो आणि दाराशी पुन्हा दहा जण बोट हवेत धरून उभे. शिकवणाऱ्याचं पहिलं पान काही उलटतच नाही. त्यांना खरंच वाटायचं, उद्या कुणी येऊन म्हटलं की मास्तर, पुरे, घरी बसा, तर आपण त्याच्या पाया पडू.

फोनवर संस्थेचं पत्र आलेलं होतं. इंग्रजीत, पानभर. यंदा परीक्षा माणूस तपासणार नाही, मशीनच तपासेल, असं त्यात होतं. काम होम फोल्डरमध्येच, म्हणजे मशीन उघडल्यावर आपण जिथं असतो तिथंच करावं, पेपरात सांगितल्याशिवाय दुसरं कुठलंही फोल्डर बनवू नये, असंही होतं. सरांनी ते वाचलं. हो, वाचलं, खोटं कशाला बोला. पण डोळे चुरचुरत होते, अक्षरं बारीक होती, आणि दरवर्षीचंच काहीतरी असेल म्हणून त्यांनी फोन उपडा ठेवला आणि गुळण्या करायला गेले.

सोमवारी सकाळच्या गाडीनं हैदराबादहून परीक्षक बाई आली. प्रीती नाव, वय सत्तावीस-अठ्ठावीस, पाठीवर सॅक, बोलणं हिंदी आणि मराठीचं मिश्रण. आजोळ नांदेडकडचं, म्हणून मराठी समजायचं. नियमानं शिक्षकानं बाहेर थांबायचं, तेव्हा सर खाली उतरले आणि लक्ष्मणरावांच्या दुकानात ढेपीच्या पोत्यावर बसले. लक्ष्मणरावांनी चहा मागवला. रुपाचा चेहरा सरांच्या डोळ्यांपुढून हलेना. जाताना ती फक्त एवढंच म्हणाली होती, “सर, बस बरोबर वेळेवर आली आज.” जणू अर्धी परीक्षा तिथंच पास झाली.

तासाभरानं प्रीतीनं वरून हाक मारली. सर जिना चढले, मध्ये एकदा थांबले, पुन्हा चढले. पोरं गॅलरीत उभी होती, चेहरे खुललेले. पेपर सोपा गेला होता. कागदात सांगितलेली फोल्डरं, आत फाईली, नावं बदलायची, जुन्या वेगळ्या काढायच्या, हे तर त्यांना झोपेतही आलं असतं.

आत प्रीती लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसली होती.

“सर, सिर्फ एक पास है.”

“काय?”

“एकच. भूषण नावाचा. बाकी नऊ जणांना झिरो. कामच दिसत नाही त्यांचं.”

सरांना आधी हसू आलं. भूषण! मग हसू जिथल्या तिथं विरलं. ते रुपाच्या मशीनपाशी गेले आणि काळ्या पडद्यावर एक हुकूम लिहिला, इथं काय काय आहे ते दाखव म्हणून. मशीननं एकच नाव दाखवलं. श्री. सर आत गेले. आत सगळं होतं. प्रत्येक फोल्डर, प्रत्येक फाईल, नावं जिथल्या तिथं, एक काना-मात्रा इकडचा तिकडं नाही. पैकीच्या पैकी काम, फक्त एक पायरी आत. ते दुसऱ्या मशीनपाशी गेले, तिसऱ्या, चौथ्या. नऊ मशीनं, नऊ श्री. तपासणाऱ्या मशीननं दाराशी येऊन पाहिलं, ओसरीवर काही दिसलं नाही, आणि ते शून्य देऊन निघून गेलं.

सरांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.

“पेपरवर स्पष्ट लिहिलं होतं, होम फोल्डर,” प्रीती हळू आवाजात म्हणाली. “इंग्रजीत आणि तेलुगूत. तुम्हाला मेलही होता. मग हे सगळ्यांनी एकसारखं का केलं?”

सरांनी सांगितलं. वहीच्या डोक्यावरच्या श्रीपासून सगळं सांगितलं. बसलेल्या घशानं, थांबत थांबत. प्रीती ऐकत राहिली, मग बाहेर जाऊन तिनं हैदराबादला फोन लावला. बराच वेळ लावला. एक पायरी आत पाहा एवढंच म्हणतेय, असं ती तीनतीनदा सांगत होती. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“मार्क बदलता येत नाहीत म्हणतात. दोनच रस्ते आहेत, सर. विद्यार्थ्यांनी प्रश्न नीट वाचला नाही, असं लिहिलं तर ते नापास, विषय संपला. केंद्रानं चुकीचं शिकवलं, असं शिक्षकानं स्वतः लिहून दिलं, तर मुलांची पंधरा दिवसांत फेरपरीक्षा. पण मग शिक्षकाचं नाव यादीतून जातं. कायमचं. केंद्र चालू राहील, दुसरे शिक्षक पाठवतील.” ती थांबली. “सर, पेपर त्यांनी वाचला नाही, हेही खोटं नाहीच. तुम्ही लिहिलंच पाहिजे असं काही नाही. बावीस वर्षं झाली ना तुम्हाला?”

पोरगी भली होती. तिनं दार उघडून ठेवलं होतं, सरांनी नुसतं त्यातून निघून जायचं होतं.

आणि खरं सांगू का, सरांना क्षणभर राग आला. प्रीतीचा नाही, पोरांचा. अरे, वाचता येत नव्हतं का तुम्हाला? आंधळ्यासारखी बोटं चालवली? मी सांगितलं म्हणून काय जन्मभर तेच? मग राग फिरून स्वतःवर आला, त्या फोनवरच्या पत्रावर आला, गुळण्यांच्या पाण्यावर आला. कंटाळलेल्या माणसाचं हेच होतं. तो चोरी करत नाही, लबाडी करत नाही, फक्त एक पान नीट वाचत नाही, आणि नऊ घरांत आग लागते. क्लास सुटावा म्हणून किती वर्षं ते मनातल्या मनात वाट पाहत होते! आता सुटत होता. पण तो असा सुटावा? ‘थकले, निवृत्त झाले’ असं नाही, ‘चुकीचं शिकवलं’ असं? काय चुकीचं होतं त्यात? सहा वर्षांत त्यांनी शिकवलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती. घर सोडून गेलेला माणूस संध्याकाळी घरीच परत यावा, तशी ती पोरं श्रीत परत यायची. आणि नेमकी तीच आता गुन्हा म्हणून स्वतःच्या हातानं लिहून द्यायची.

सर उठून गॅलरीत गेले. पोरांचे मघाचे खुललेले चेहरे नव्हते. आत काहीतरी शिजतंय हे त्यांना कळलं होतं. रुपा पुढं आली.

“सर, आमी चुकलो काय?”

खाली रस्त्यावर कापसाची गाडी मागं घेत होते, त्याची ओरड चालली होती. सरांनी रुपाच्या हाताकडं पाहिलं. बोटं पदराचं टोक पिळत होती, आणि नखांत आजही माती होती.

“तुमी नाही चुकले,” सर म्हणाले. “बसा. आलो मी.”

आत येऊन त्यांनी प्रीतीकडं कागद मागितला. तिनं लॅपटॉप पुढं केला तर म्हणाले, “नाही बाई, हातानंच लिहतो.” लिहायला बसले, आणि कागदाच्या डोक्यावर श्री काढायला उचललेला हात त्यांनी तसाच थांबवला. ती जागा कोरी सोडून खालून सुरुवात केली. परीक्षेचं पत्र मी वाचलं होतं, विद्यार्थ्यांना सांगितलं नाही. सर्व काम एका फोल्डरच्या आत करण्याची सवय मीच लावली. विद्यार्थ्यांचा यात काही दोष नाही. खाली सही. अक्षर सुंदर आलं, का कोण जाणे. प्रीतीनं कागद घेतला, दोनदा वाचला आणि सॅकमध्ये नीट ठेवला.

“एक करा,” सर म्हणाले. “या पोराईले याच्यातलं काही सांगू नका. फेरपरीक्षा हाय, एवढंच सांगा. नव्या मास्तरलेबी तसंच सांगा.”

मग ते पोरांकडं गेले आणि खणखणीत आवाज काढायचा प्रयत्न केला. तो काही निघाला नाही. “ऐका. मशीनची तपासणी बिघडली. पंधरा दिवसांनी पुन्हा पेपर. मी जरा सुटीवर जाऊन राह्यलो, नवीन सर येतीन. आता एक गोष्ट डोक्यात ठेवा. पेपर हातात आला की पह्यले पूर्ण वाचायचा. मंग मशीनले इचारायचं, मी कुठं हाय म्हनून. आन श्री मनात म्हनायचं. मशीनमंधी नाही.”

“मनातच, सर?” भूषणनं विचारलं. तो एकटा पास झालाय हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

“तू मनातबी नाही म्हनत, बेट्या, तुले काय इचारायचं,” सर म्हणाले, आणि पोरं हसली. रुपा हसली नाही. ती म्हणाली, “सर, पंधरा दिवस घरी सांगाले लागन.” मग स्वतःच मान हलवून म्हणाली, “सांगतो मी. होईन.” प्रयागबाईंच्या समोर तिनं ते पंधरा दिवस कसे मिळवले, ते तिलाच माहीत. पण मिळवले.

सर घरी बसले. पहिले दोन दिवस नुसते झोपले. तिसऱ्या दिवसापासून झोपही येईना. आराम म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. कौशल्याबाईंना त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. त्या आधी चिडल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, “मीच तर रोज म्हनत होती, बस करा म्हनून.” गंमत बघा, घसा आठवड्यात सुधारला. घरात आवाज चांगला घुमायला लागला, आणि बोलायला कुणी नाही. ते भाजी निवडून द्यायचे, पेपर वाचायचे, खिडकीतून रस्ता पाहायचे. बावीस वर्षांचा थकवा अंगातून उतरेल असं वाटलं होतं. तो उतरला नाही, नुसता पसरून बसला.

फेरपरीक्षेच्या दिवशी सकाळपासून त्यांनी फोन मांडीवर घेतला होता. जेवण झालं नाही, ताट तसंच झाकून ठेवलं. दोनच्या सुमाराला फोन वाजला.

“सर, झालं!” रुपा ओरडली. मागं पोरांचा गलका चालला होता. “नवातले आठ पास! प्रवीणचं तेवढं राह्यलं, त्याले ताप होता.”

“तुहं?”

“मले पैकीच्या पैकी, सर! एक तारखेपासून कामावर या म्हनून सांगतलं त्याईनं.”

सरांनी फोन कानापासून दूर धरला, डोळे पुसले, पुन्हा कानाला लावला.

“शाबास,” ते म्हणाले. “शाबास, पोरी.”

“सर, आमी उद्या पेढे घेऊन येतो वर्गावर. सगळेच येतो. नवीन सर म्हनते, तुमी अजून सुटीवर हाय. उद्या या न एक दिवस. नाही तं कधीपासून येता ते सांगा, तवा येतो आमी.”

या प्रश्नाचं उत्तर सरांनी पंधरा दिवस घोळवून ठेवलं होतं. ऐन वेळेला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

“मी आता येत नाही, रुपा,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हनला, जिना चढायचा नाही. थकलो मी. सोडून देल्लं.”

रुपा गलक्यापासून बाजूला आली असावी, मागचे आवाज दूर गेले.

“काऊन सांगतलं नाही, सर?” मग तिचा आवाज मऊ झाला. “बरं केलं पन. आराम करा आता. लय केलं तुमी आमच्यासाठी. मंग घरीच येतो आमी, उद्या, पाच वाजता.”

“या,” सर म्हणाले आणि फोन ठेवला.

कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“कोनता डॉक्टर?” त्या म्हणाल्या. “खरं काऊन नाही सांगतलं तिले? तिच्यासाठी नाव घालवून बसले तुमी, निदान माहीत तं होऊ द्या.”

“खरं सांगतलं असतं,” सर म्हणाले, “तं पेढा तिच्या गळ्याखाली उतरला असता काय?”

कौशल्याबाईंनी झाकलेलं ताट काढून सरांपुढं ठेवलं, आणि सर जेवायला बसले.